ॲप नवं, तिजोरी जुनी

एप्रिल २००५ मध्ये पुणे पोलिसांनी एका कॉल सेंटरमध्ये काम केलेल्या काही तरुणांना अटक केली आणि ‘एम्फसिस’ हे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांशी फोनवर गोड बोलायचं, विश्वास संपादन करून त्यांचे पिन काढून घ्यायचे आणि त्यांच्या खात्यांतला पैसा पुण्यात उघडलेल्या खात्यांकडे वळवायचा, असा तो प्रकार होता. रक्कम साधारण साडेतीन लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे दीड कोटी रुपये. कॉल सेंटरमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना झडती व्हायची, त्यामुळे काही लिहून नेण्याची सोय नव्हती. म्हणून आकडे पाठ करायचे आणि बाहेर पडून सायबर कॅफे गाठायचा, अशी या प्रकरणाची मांडणी पुढे वारंवार झाली.

या चोरीत कुठलंही यंत्र फोडलं गेलं नाही, ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बँकेची प्रणाली शाबूत होती. जाळ्यावरून जाणारी माहिती सांकेतिक रूपातच जात होती. पण पासवर्ड एकदा उघड्या, वाचता येईल अशा रूपात दुसऱ्या माणसाच्या कानावर पडला की पुढची सगळी कुलपं नावापुरती उरतात. कायद्यालाही हे नीट पकडायला थोडा वेळ लागला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली आणि कलम ६६-सी आलं. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे.

पासवर्ड मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर नेमकं याच दुखण्यावर काढलेलं आहे. पासवर्ड साठवणाऱ्या कंपनीला, तिच्या सर्व्हरला किंवा तिथल्या कर्मचाऱ्याला तो पासवर्ड वाचता येऊ नये, ही त्याची पहिली अट. दुसरी अट अशी की मालकाने फक्त एक पासवर्ड लक्षात ठेवावा आणि बाकीचे सगळे सॉफ्टवेअरने सांभाळावेत. आज कोथरूडच्या किंवा सहकारनगरच्या एखाद्या मध्यमवर्गीय घरात डोकावलं तर या सोयीची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दोन-तीन बँका, प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी, रेल्वेची तिकिटं, महावितरणचं बिल, महापालिकेचा मिळकतकर, विमा, म्युच्युअल फंड, डिमॅट खातं, तीन ई-मेल, मुलांच्या शाळेचं पोर्टल. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवं. माणसाची स्मृती या कामासाठी घडलेलीच नाही. म्हणून एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरला जातो, आणि दहातली एक साइट फुटली की उरलेल्या नऊ उघड्या पडतात.

या प्रस्तावनेला जे सांगायचं आहे ते मात्र याच्या पुढचं आहे. पासवर्ड मॅनेजर घेतला, वर्षानुवर्षं वापरला, ॲप वेळच्या वेळी अपडेटही केलं; तरी आतली तिजोरी, म्हणजे पासवर्ड साठवलेली फाइल, दहा वर्षांपूर्वीच्याच संरक्षणावर चालू असू शकते. सॉफ्टवेअरचं अपग्रेड आणि साठवलेल्या माहितीचं अपग्रेड ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिलं बहुतेक वेळा आपोआप होतं. दुसरं अनेकदा कुणीतरी मुद्दाम करावं लागतं, आणि ते करायचं असतं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

गुप्त लिहिण्याचा मराठीतला इतिहास जुना आहे आणि त्याचा एक धागा थेट पुण्याशी जुळतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी स्थापन केलेल्या महानुभाव पंथाने पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी अशी त्या लिप्यांची नावं. तत्त्व साधं होतं: नेहमीच्या अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा चिन्ह लिहायचं. मराठी गद्याची पहाट ज्या ग्रंथांत झाली, ते ‘लीळाचरित्रा’सारखे ग्रंथ त्यामुळे कित्येक शतकं पंथाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोचलेच नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली, वि. ल. भावे यांनी या वाङ्मयाची ओळख महाराष्ट्राला करून दिली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करणारे राजवाडे ते हेच.

पंथाच्या अनुयायांनी हा ठेवा शेकडो वर्षं निष्ठेने जपला, आणि त्या काळच्या साधनांचा विचार करता ती मोठीच कामगिरी होती. पण या पद्धतीची मर्यादाही राजवाड्यांच्या कामामुळे स्पष्ट झाली. सगळं गुपित अक्षरांच्या अदलाबदलीच्या तक्त्यात होतं. एका माणसाला तो तक्ता सापडला आणि त्या लिपीतली सगळीच पोथी-परंपरा एकदम वाचनीय झाली. प्रत्येक पोथीला वेगळी किल्ली नव्हती.

१८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना एक तत्त्व मांडलं. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडू नये. गुपित असावी ती फक्त किल्ली. आजचं सगळं एन्क्रिप्शन याच तत्त्वावर उभं आहे. पासवर्ड मॅनेजरच्या जाहिरातीत हमखास दिसणारं ‘एईएस-२५६’ हे नाव घेतलं तर त्याची पद्धत पूर्णपणे प्रसिद्ध आहे. योआन दामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी ती रचली, खुल्या स्पर्धेत जगभरच्या तज्ज्ञांनी तिच्यावर हल्ले करून पाहिले, आणि २००१ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने ती स्वीकारली. पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी ती प्रयोगशाळेत लिहून काढू शकतो. तरीही २५६ बिटांची किल्ली हाती नसेल तर समोरची माहिती निव्वळ कचरा दिसते. शक्य किल्ल्यांची संख्या ७८ आकडी आहे. एकेक किल्ली लावून पाहत बसणं कुठल्याही यंत्राला शक्य नाही.

मग तिजोऱ्या फुटतात कशा?

याचं उत्तर त्या किल्लीच्या जन्मात आहे. २५६ बिटांची यादृच्छिक किल्ली कुणाच्या लक्षात राहणार नाही. माणूस लक्षात ठेवतो तो मास्टर पासवर्ड, म्हणजे आठ-दहा अक्षरं, एखादं नाव, एखादी तारीख. सॉफ्टवेअरला या तोकड्या शब्दातून खरी किल्ली घडवावी लागते. त्यामुळे चोर ७८ आकडी संख्येच्या नादाला लागतच नाही. तो माणसं कसे पासवर्ड ठेवतात याचा अंदाज बांधतो, एकेक अंदाज त्याच घडणीतून काढतो आणि तिजोरी उघडते का ते पाहतो. तिजोरीची फाइल एकदा हाती लागली की हे काम त्याच्या घरी, त्याच्या यंत्रावर चालतं. तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद करणारा तिथे कुणी नसतो.

इथे संरक्षणाचा एकच उपाय उरतो: किल्ली घडवण्याची क्रिया मुद्दाम संथ करायची. मास्टर पासवर्डमध्ये प्रत्येक तिजोरीसाठी वेगळा असा यादृच्छिक मजकूर मिसळायचा, त्याला तंत्रज्ञ ‘सॉल्ट’ म्हणतात, आणि मग ते मिश्रण एका गणिती प्रक्रियेतून हजारो वेळा फिरवायचं. मालकाला दिवसातून चार वेळा तिजोरी उघडायची असते. त्याला अर्धा सेकंद जास्त लागला तरी जाणवत नाही. चोराला अब्जावधी अंदाज तपासायचे असतात. त्याच्यासाठी तोच अर्धा सेकंद डोंगराएवढा होतो. या कामासाठी बराच काळ वापरली गेलेली पद्धत म्हणजे पीबीकेडीएफ-२. २००० साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा किमान १,००० फेऱ्यांची शिफारस होती. त्या काळच्या संगणकांना ते पुरेसं होतं. पुढे व्हिडिओ गेमसाठी बनलेली ग्राफिक्स कार्डं आली. त्यांना एका वेळी हजारो अंदाज समांतर तपासता येऊ लागले, आणि १,००० फेऱ्यांचा आकडा हास्यास्पद ठरला. २०२३ पर्यंत ‘ओवास्प’ या सुरक्षा-तज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस सहा लाख फेऱ्यांवर पोचली.

म्हणजे एन्क्रिप्शन तेच राहिलं तरी त्याच्या दारातला पहारा दर काही वर्षांनी वाढवावा लागतो. हा पहारा न वाढवल्याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण लास्टपासचं आहे.

लास्टपास ही लाखो लोकांची ऑनलाइन तिजोरी. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीच्या विकासकांच्या यंत्रणेत कुणीतरी शिरल्याचं जाहीर झालं. ग्राहकांची माहिती सुरक्षित असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. २२ डिसेंबर २०२२ रोजी कंपनीने कबूल केलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रतीच चोरीला गेल्या आहेत. पुढे मार्च २०२३ मध्ये आणखी तपशील आला. बॅकअपच्या किल्ल्यांपर्यंत पोच असलेल्या अगदी मोजक्या अभियंत्यांपैकी एकाच्या घरच्या संगणकावर हल्लेखोर पोचला होता. तिथल्या मीडिया सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून त्याने कळा टिपणारा प्रोग्राम बसवला होता. त्या अभियंत्याने मास्टर पासवर्ड टाइप केला आणि तो टिपला गेला.

तिजोऱ्यांतले पासवर्ड एईएस-२५६ ने बंद होते, ही गोष्ट खरी होती. पण दोन कच्चे दुवे समोर आले. पहिला असा की साइटचे पत्ते एन्क्रिप्ट केलेलेच नव्हते. कुणाचं खातं कुठल्या बँकेत आहे, कोण क्रिप्टोचलनाचा व्यवहार करतो, हे तिजोरी न उघडताच वाचता येत होतं. कुठली तिजोरी फोडायला वेळ घालवावा, याची निवडच चोराला करून मिळाली. दुसरा दुवा या प्रस्तावनेच्या विषयाच्या केंद्राशी आहे. लास्टपासने २०१८ मध्ये फेऱ्यांचा आकडा वाढवून १,००,१०० केला होता. पण जुन्या अनेक ग्राहकांच्या तिजोऱ्यांत तो आकडा बदललाच गेला नव्हता. ग्राहकांनी आपापली सेटिंग्ज उघडून पाहिली तेव्हा कुणाकडे ५,००० निघाले, कुणाकडे ५००, आणि काहींकडे चक्क १. ही माणसं वर्षानुवर्षं पैसे भरत होती, ॲप अपडेट करत होती, पडद्यावरचं चिन्ह बदललेलं पाहत होती. तिजोरी मात्र त्यांनी खातं उघडलं त्या दिवशीच्या संरक्षणावर थांबलेली होती.

या आकड्यांचा अर्थ हिशेब मांडल्यावर समजतो. एक फेरी असलेल्या तिजोरीचा पासवर्ड एखाद्या यंत्राने एका मिनिटात शोधला, असं धरलं तर १,००,१०० फेऱ्या असत्या तर त्याच यंत्राला त्याच कामाला सुमारे ७० दिवस लागले असते. ५०० फेऱ्यांच्या जागी सहा लाख असत्या तर एका दिवसाचं काम तीन वर्षांवर गेलं असतं. चोर तीन वर्षं एकाच तिजोरीपाशी बसत नाही.

अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये तपासयंत्रणांनी न्यायालयात एक कागद दाखल केला. जानेवारी २०२४ मधल्या सुमारे १५ कोटी डॉलरच्या क्रिप्टोचलनाच्या चोरीत, त्या चलनाच्या किल्ल्या २०२२ मध्ये फुटलेल्या एका ऑनलाइन पासवर्ड मॅनेजरमधूनच मिळाल्या असाव्यात, असा निष्कर्ष त्यात मांडला आहे. फाइल चोरीला गेल्यावर वर्ष-दीड वर्षाने घाव बसला. यातून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. चोरीला गेलेल्या प्रतीवर मालकाचा काहीच ताबा उरत नाही. नंतर मास्टर पासवर्ड बदला, फेऱ्या वाढवा, तो बदल घरच्या तिजोरीत होतो. चोराच्या हातातली प्रत जुन्याच पासवर्डने उघडते. अशा वेळी तिजोरीच्या आतले पासवर्डच एकेक करून बदलावे लागतात, आधी बँक आणि ई-मेलचे. हे काम कंटाळवाणं आहे, आणि त्याला पर्याय नाही.

ऑनलाइन सेवेवर भरवसा न ठेवणारा एक वर्ग पहिल्यापासून आहे, आणि पुण्याच्या संगणक-वर्तुळात तो बराच मोठा आहे. तो कीपास वापरतो. डोमिनिक राइशल या जर्मन प्रोग्रामरने २००३ मध्ये आणलेलं हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर. त्यात सगळे पासवर्ड एकाच फाइलमध्ये राहतात, आणि ती फाइल मालकाकडे असते: लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर, हवी तर गूगल ड्राइव्हवर. कंपनी नाही, त्यामुळे कंपनीचा सर्व्हर फुटण्याची भीती नाही. पण इथेही तिजोरीचं वय हा प्रश्न सुटत नाही, उलट तो पूर्णपणे मालकाच्या अंगावर येतो.

जानेवारी २०१७ मध्ये कीपासची २.३५ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर तिजोरीच्या फाइलचा नवा साचा आला, केडीबीएक्स-४. त्यात किल्ली घडवण्यासाठी आर्गॉन-२ ही पद्धत वापरता येते. लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेली ही पद्धत २०१५ मध्ये पासवर्डसाठीच घेतलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिली आली. तिची खुबी अशी की ती प्रत्येक अंदाजासाठी वेळेबरोबर भरपूर मेमरीही मागते. ग्राफिक्स कार्डाची सगळी ताकद हजारो छोटी कामं एकदम करण्यात असते. प्रत्येक कामाला काही कोटी बाइट मेमरी लागली की ती समांतर कामं कमी होतात आणि चोराचा वेग कोसळतो. शिवाय नव्या साच्यात फाइलच्या मथळ्यालाही शिक्का असतो, त्यामुळे कुणी मधल्यामध्ये तिथली सेटिंग्ज बदलली तर ते उघड होतं.

आता खरी मेख. नवी आवृत्ती बसवली म्हणून जुनी फाइल आपोआप नव्या साच्यात जात नाही. कीपास जुन्या साच्याची फाइल बिनतक्रार उघडतं आणि जुन्याच साच्यात जपून ठेवतं, कारण तीच फाइल दुसऱ्या एखाद्या जुन्या यंत्रावर किंवा फोनवरही उघडावी लागत असेल. बदल मालकालाच करावा लागतो. डेटाबेस सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी’चं पान उघडलं की वर एन्क्रिप्शनची पद्धत दिसते आणि खाली किल्ली घडवण्याची. जुन्या फाइलमध्ये तिथे ‘एईएस-केडीएफ’ आणि फेऱ्यांचा एखादा जुना आकडा बसलेला सापडतो. त्या जागी आर्गॉन-२ निवडायचं. शेजारी ‘वन सेकंद डिले’ असं एक बटण आहे. ते दाबलं की सॉफ्टवेअर त्या संगणकाचा वेग मोजतं आणि तिजोरी उघडायला साधारण एक सेकंद लागेल इतका आकडा स्वतःच भरतं. मग फाइल सेव्ह करायची. एवढ्या कामाला चहा गार व्हायलाही वेळ मिळत नाही, आणि तरी दहा-बारा वर्षांच्या जुन्या फाइली जशाच्या तशा पडून असतात.

इतर सेवांत ही जागा वेगवेगळ्या नावांनी सापडते. बिटवॉर्डनने लास्टपासच्या धक्क्यानंतर २०२३ च्या सुरुवातीला नव्या खात्यांसाठी सहा लाख फेऱ्यांचा आकडा आणला आणि आर्गॉन-२ चा पर्याय दिला. जुन्या खातेदारांनी सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आपला आकडा स्वतः बघावा हे उत्तम. वन-पासवर्डने वेगळा मार्ग घेतला आहे. मास्टर पासवर्डच्या जोडीला ते १२८ बिटांची एक गुप्त किल्ली वापरतात आणि ती फक्त ग्राहकाच्या उपकरणांवर राहते, त्यामुळे सर्व्हरवरची प्रत एकटी चोरून भागत नाही. हा मार्ग विचारपूर्वक काढलेला आहे, पण त्याची जबाबदारीही तेवढीच मोठी आहे: ती किल्ली कागदावर छापून जपली नाही आणि सगळी उपकरणं गेली, तर मालकही बाहेरच राहतो.

सॉफ्टवेअर अपडेट करण्याचं महत्त्व यामुळे कमी होत नाही. पुण्याला ही सवय तशी जुनी आहे. कैलास आणि संजय काटकर या भावांनी १९९० च्या दशकात इथे उभं केलेलं क्विक हील घराघरांत आणि दुकानांत पोचलं, आणि अपडेट केल्याशिवाय अँटिव्हायरसचा उपयोग नाही, हे ज्ञान त्याच्याबरोबर सर्वसामान्य संगणकवाल्यांपर्यंत गेलं. पासवर्ड मॅनेजरच्या बाबतीत अपडेट का लागतं, याचा दाखला २०२३ मध्ये मिळाला. कीपासच्या २.५३ पर्यंतच्या आवृत्त्यांत मास्टर पासवर्ड टाइप करताना प्रत्येक कळेगणिक मेमरीत एक उरलेला तुकडा राहायचा: एक ठिपका आणि एक अक्षर, मग दोन ठिपके आणि पुढचं अक्षर, मग तीन. संगणकाच्या मेमरीची प्रत ज्याच्या हाती पडेल त्याला हे तुकडे ओळीने लावून पहिलं अक्षर सोडून जवळजवळ सगळा पासवर्ड वाचता यायचा. जून २०२३ मध्ये आलेल्या २.५४ आवृत्तीत ही त्रुटी दूर झाली. तिजोरी कितीही भक्कम असली तरी ती उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशी भेग राहू शकते, आणि ती फक्त अपडेटनेच बुजते.

अपडेट कुठून घ्यायचं, यालाही तेवढंच महत्त्व आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलवर कीपास शोधणाऱ्यांना वरच एक जाहिरात दिसत होती. पत्ता हुबेहूब खरा वाटायचा. फरक इतकाच की पहिल्या अक्षराखाली, ‘के’च्या खाली, एक बारीक खूण होती. पडद्यावर ती धुळीच्या कणासारखी दिसायची. त्या साइटवरून उतरवलेलं सॉफ्टवेअर संगणकात घुसखोरी करणारं होतं. जाहिरातीच्या दुव्यावरून पासवर्ड मॅनेजर कधीही उतरवू नये, हा नियम या एका उदाहरणावरून पाठ व्हायला हरकत नाही.

एन्क्रिप्शनच्या आवाक्याबाहेरचं काय, याचीही या प्रस्तावनेत नोंद हवी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला आणि ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेच्या यंत्रणेत हल्लेखोरांनी एक बनावट स्विच उभा केला, आणि एटीएममधून येणारी मागणी खऱ्या प्रणालीपर्यंत जाऊच दिली नाही. २८ देशांतल्या यंत्रांमधून बनावट कार्डांवर पैसे निघाले. तिथे कुठला सांकेतिक मजकूर फोडला गेला नव्हता. तपासणी करणारी जागाच बदलली गेली होती. घरच्या संगणकाचं असंच असतं. चोरीचं सॉफ्टवेअर किंवा फुकटचा गेम बसवताना त्याबरोबर माहिती चोरणारा प्रोग्राम आला, तर तिजोरी मालकाने स्वतः उघडेपर्यंत तो वाट पाहतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर अशा प्रोग्रामांचं ठरलेलं लक्ष्य आहे. २०२४ मध्ये क्रोमला विंडोजवर त्यासाठी नवं संरक्षण आणावं लागलं.

शेवटी सगळा भार येतो मास्टर पासवर्डवर. पुण्यात पासवर्ड ठेवण्याच्या लकबी आहेत आणि त्या चोरालाही माहीत असतात. गाडीची पाटी ही त्यातली लाडकी. एमएच-१२ ने सुरू होणाऱ्या सगळ्या शक्य पाट्या मोजल्या तरी संख्या साठ-सत्तर लाखांच्या घरात जाते. एका चांगल्या ग्राफिक्स कार्डासाठी हे काही मिनिटांचं काम आहे, आणि पीबीकेडीएफच्या सहा लाख फेऱ्याही त्याला फार काळ थोपवू शकत नाहीत. गणपतीचं नाव आणि १२३, मुलाचं नाव आणि जन्मसाल यांची गतही तीच. यावर १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी सुचवलेला उपाय अजूनही सगळ्यात चांगला आहे. ७,७७६ शब्दांची क्रमांक घातलेली यादी घ्यायची, सापशिडीचा फासा पाच वेळा टाकून एक शब्द निवडायचा, आणि असे पाच-सहा शब्द मिळवायचे. पाच शब्दांचेच पर्याय २८ वर १८ शून्यं इतके होतात. शब्द रोमन अक्षरांत लिहिलेले मराठीही चालतील. अट एकच, निवड फाशाने केलेली असावी. मनाने निवडलेले शब्द म्हणीत किंवा गाण्यात सापडतात.

आणि वही? ज्येष्ठ नागरिकांच्या कपाटात पासवर्डची एक वही असते, आणि तिची टिंगल करण्याची घरातल्या तरुणांना सवय असते. ती टिंगल चुकीची आहे. समुद्रापलीकडच्या चोराला ती वही वाचता येत नाही. वहीचा धोका घरात ये-जा करणाऱ्यांपासून आहे, आणि तो धोका माणसाला समजतो, मोजता येतो. ज्या घरात मुलं सिएटलला किंवा म्युनिकला आहेत आणि आई-वडील इथे दोघंच आहेत, तिथे कागदाला तर पर्यायच नाही. मास्टर पासवर्ड, लागत असेल ती गुप्त किल्ली आणि तिजोरीची फाइल कुठे आहे याची नोंद एका बंद लिफाफ्यात लॉकरमध्ये असावी, आणि मुलांना तो कुठे आहे हे माहीत असावं. नाहीतर वडील अतिदक्षता विभागात असताना त्यांच्या आरोग्यविम्याच्या पोर्टलचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही, आणि चोरांसाठी बांधलेली भिंत घरच्यांसमोर उभी, अशी वेळ येते.

पुढच्या पानांत एकेका सॉफ्टवेअरची सेटिंग्ज सविस्तर येतील. कामाचा क्रम मात्र सगळीकडे जवळपास एकच आहे, म्हणून तो इथेच सांगणं बरं. आधी तिजोरीची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी. मग सॉफ्टवेअर मूळ साइटवरून किंवा फोनच्या अधिकृत स्टोअरवरून अद्ययावत करावं. त्यानंतर किल्ली घडवण्याची पद्धत आणि आकडा बदलून फाइल सेव्ह करावी, आणि घरातल्या प्रत्येक उपकरणावर ती उघडून पाहावी. आर्गॉन-२ ला फार मेमरी दिली तर पाच-सहा वर्षांचा जुना फोन फाइल उघडताना अडकतो किंवा ॲपच बंद पडतं. तसं झालं तर मेमरी थोडी कमी करून फेऱ्या वाढवाव्यात. सगळीकडे तिजोरी नीट उघडते याची खात्री पटल्यावरच जुन्या प्रती शोधायला घ्याव्यात: २०१४ मध्ये स्वतःलाच ई-मेलने पाठवलेली फाइल, ड्रॉपबॉक्समधली, विकायला काढलेल्या लॅपटॉपमधली, ऑफिसच्या संगणकावर कधीतरी उतरवलेली. त्यातली प्रत्येक प्रत जुन्या मास्टर पासवर्डने आणि जुन्या फेऱ्यांनी उघडते. त्या पुसाव्यात, ई-मेलमधली कचरापेटीही रिकामी करावी, आणि सुरुवातीला घेतलेली पेनड्राइव्हवरची प्रत नव्या फाइलने बदलावी.